डाव्या हाताचे शब्द

"न्या की खुशाल," उत्तराताई माझ्यापुढं चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "तुमचीच तर मशीन आहे ती. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवलंच नाही बाबांनी तिच्यावर." मी हसलो. तेहतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेल्या माणसाचा चेहरा हसण्याच्या बाबतीत फार तत्पर असतो. वाक्य कानातून आत पोचायच्या आधीच तो हसून मोकळा होतो, विचार मागाहून येतो. तसा तो आला. कप ओठाला लावला होता आणि मधेच मला वाटलं, बसवलंच नाही म्हणजे काय? शिकायला येणारी पोरं पन्नास-साठ, मशीन सहा, तासातासाच्या पाळ्या. एकेका मशीनवर दिवसाला दहा जण बसायचे. मग माझा तास संपल्यावर उरलेला दिवसभर ती सहा नंबरची मशीन काय करायची? इतका साधा प्रश्न, आणि पस्तीस वर्षांत तो मला एकदाही पडला नव्हता.

"म्हणजे कसं, ताई?" मी विचारलं. विचारायला नको होतं. उत्तराताई समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या आमच्या टायपिंगच्या सरांची, अण्णासाहेबांची मुलगी. मी शिकायला यायचो तेव्हा दहावीत होत्या, दोन वेण्या घालायच्या, आता केस पिकलेत. आज अकरा वाजता सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि स्टेजवर ठेवायला म्हणून ती जुनी मशीन न्यायला मी सकाळीच सरांच्या घरी आलो होतो. "अहो, तुम्हाला माहितीच आहे की सगळं," त्या म्हणाल्या. "गल्लीतले पाच-सहा जण आले होते बाबांकडे. आमची पोरं त्याच मशीनवर बसणार, त्याच बटणांना हात लावणार, ते काही जमायचं नाही, म्हणाले. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, वातावरण कसं होतं तुम्ही बघितलंय. पण बाबा हटले नाहीत हं. म्हणाले, मुलाला काढणार नाही, क्लास बंद पडला तरी चालेल. मग आईनंच तोड काढली. ती पडून खराब झालेली मशीन आहे ना, ती बाहेर व्हरांड्यात टाका, म्हणाली, तेवढी त्याची. आता तिची उजवी बाजू तर चालत नव्हती. तर बाबांनी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसून नुसते डाव्या हाताचे शब्द शोधून काढले. एका मुलासाठी! आज कोण करेल?" त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते. मी म्हणालो, "हो ना, सर पहिल्यापासूनच तसे." कप उजव्या हातात होता. डावा हात मांडीवर उपडा पडला होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा दिसत होता.

कारण सरांनी मला वेगळंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी आत पाच मशीन खडखडत होत्या, सर दारात उभे राहिले, माझे दोन्ही हात त्यांनी मला पुढं धरायला लावले, लांबूनच नीट निरखले आणि म्हणाले, "सिद्धोधन, तुझा डावा हात कच्चा आहे. आधी तो पक्का करू. तू इथं बाहेर वाऱ्याला बस." बारावी झालेला, पेडगावहून पहाटेच्या एसटीनं येणारा मुलगा मी. परभणीतला एक शिकलेला माणूस आपला हात इतका बारकाईनं बघतो, त्यातली खोट सांगतो, आणि ती दुरुस्त करायची जबाबदारीही घेतो, ह्यानं मला भरून आलं होतं. डॉक्टरनं नाडी न बघता रोग ओळखावा तसं वाटलं होतं. मी व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलो. दोन दिवसांनी सरांनी मला टाइप केलेला एक कागद दिला. त्यावर एकाखाली एक इंग्रजी शब्द, आकडे घालून, एकूण बहात्तर. प्रत्येक शब्द पाच अक्षरांचा, कारण टायपिंगमध्ये स्पीड मोजताना पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. आणि प्रत्येक शब्द असा की त्यातली पाचही अक्षरं मशीनच्या डाव्या अर्ध्यात. वॉटर. ब्रेड. ग्रास. ड्रेस. ग्रेड. स्टेट. स्वेट. ब्रेव्ह. एकेक शब्द पानभर मारायचा. मी मारले. दोन महिने मी वॉटर-वॉटर-वॉटर मारत होतो आणि आतली पोरं आख्खी वाक्यं मारत होती, आणि मला त्यांची कीव यायची, कारण त्यांच्यासाठी सरांनी काहीच वेगळं केलेलं नव्हतं.

त्या यादीचा मी काय तोरा मिरवला आयुष्यभर! फ्रेम करून घेतली. येलदरीला धरणाच्या ऑफिसात पहिली नेमणूक झाली तेव्हा क्वार्टरच्या भिंतीवर ती पहिल्यांदा लागली, मग बदली होईल तिथं पत्र्याच्या पेटीतून, साड्यांच्या घडीत, माझ्याबरोबर फिरली. माझी मुलगी अपेक्षा अक्षरं शिकली ती त्या फ्रेमवरून. आता ती पुण्याला नोकरी करते, आणि रोज सकाळी आम्ही बापलेक मोबाइलवर तो पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ खेळतो. सहा चान्स असतात. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, नसलंच तर करडं. माझा पहिला शब्द ठरलेला, वॉटर. ती म्हणते, "बाबा, तुम्हाला किबोर्डची उजवी बाजू दिसतच नाही का?" मी म्हणतो, "बाई, माझा पाया डाव्या हातावर रचलाय." आजही घरून निघताना खेळ अर्धवट सोडून आलो होतो. दोन चान्स झाले होते. शेवटची चार अक्षरं हिरवी, ए-एस-टी-ई, पहिलं तेवढं अडलं होतं. टेस्ट, म्हणजे चव, टाकून झाला होता. वेस्ट, म्हणजे वाया जाणं, बसत नव्हता, कारण डब्ल्यू पहिल्याच ओळीत करडा पडला होता. पुढं काही सुचेना, म्हणून फोन खिशात टाकला होता. तो आता उगाच मांडीला जड लागायला लागला.

"बाबा तयार झाले का बघते," म्हणून उत्तराताई उठल्या, आणि पाठोपाठ मलाही आत यायला सांगितलं. सर खुर्चीवर बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, पांढराशुभ्र सदरा, एका पायात मोजा चढवलेला, दुसरा पाय उघडा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. तो नेहमीच उजळतो, आणि खोटा उजळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या घरात पाया पडायची पद्धत नाही. माझ्या बापानं ती मोडली, मीही कुणाच्या पडलो नाही, साहेबांच्या नाही, पुढाऱ्यांच्या नाही. एक सोडून. दर शिक्षकदिनाला सर असतील तिथं जाऊन मी वाकतो. आजही वाकलो, डोकं सुन्न असलं तरी कमरेला तिची सवय असते. आणि सर म्हणाले, "राहू दे, राहू दे," आणि त्यांनी ते दोन्ही पाय, एक मोज्यातला, एक उघडा, खुर्चीखाली ओढून घेतले. माझा हात फरशीला लागला. दरवर्षी फरशीलाच लागतो. दरवर्षी बाहेर पडताना मी मनिषाला, माझ्या बायकोला, सांगतो की बघ, केवढा माणूस, पण पायाला हात लावू देत नाही. फरशी थंड होती. मी तसाच क्षणभर वाकून राहिलो, कारण उठल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळेना.

"डावा हात काय म्हणतो?" सरांनी विचारलं. हेही दरवर्षीचंच. मी दरवर्षी म्हणतो, पक्का आहे सर, तुमची कृपा. आज तोंडातून नुसतं "बराय" एवढंच निघालं. त्यांना कमी ऐकू येतं. ते समाधानानं हसले आणि दुसऱ्या मोज्यासाठी पाय पुढं केला.

आणि तिथं, त्या खोलीत, मला माझी माय आठवली. अजूनपर्यंत मी स्वतःपुरताच हादरलो होतो, हे खरं सांगायला पाहिजे. आपला अपमान झाला, तोही कळला नाही, कळायला पस्तीस वर्षं लागली, ह्याचा तो हादरा होता. त्यात थोडी लाज होती, थोडा राग. पण माय आठवली आणि पायाखालची फरशीच सरकली. त्या पहिल्या दिवशी घरी जाऊन मी तिला सांगितलं होतं की सर म्हणतात डावा हात कच्चा आहे. माझी माय, चांगुणाबाई, चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी तव्यात टाकून हात तसाच हवेत ठेवला. म्हणाली, "माझ्याच्यानं झालं रं ते." मी म्हणालो, काय? तर म्हणाली, "तू धा महिन्याचा व्हतास. खुरपायला गेल्ते. बांधावर निजवलं व्हतं तुला धडप्यात. मी पार पल्याड गेले अन् तू लोळत लोळत खाली पडला, डाव्या अंगावर. लय रडलास. मी कुणाला सांगितलं न्हाई." अठरा वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच, पोरं पडतात, रडतात, उठतात. पण आता एका शिकलेल्या माणसानं त्या पडण्यावर शिक्का मारला होता. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती वाटीत तिळाचं तेल कोमट करायची आणि माझा डावा हात मांडीवर घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची. एकेक बोट. करंगळीला जास्त वेळ. मजुरी करून आलेले तिचे हात माझ्या हातापेक्षा खरखरीत होते, आणि चोळताना ती बोलायची नाही. मला ते आवडायचं, हे आता आठवून अंगावर काटा येतो.

आणि एवढ्यावर भागलं नाही. एकदा ती सरांना विचारायला आली होती. हरभऱ्याच्या टहाळ्याची पेंढी घेऊन, माझ्याबरोबर एसटीत बसून. व्हरांड्याच्या खालच्या पायरीशी उभी राहिली, वर आली नाही, आणि पदर सावरून म्हणाली, "सर, लेकराचा हात नीट व्हईल का? माझ्याकून पडला व्हता लहानपनी." सर दारात होते. मी मशीनवर बसून ग्रास-ग्रास-ग्रास मारत होतो आणि ठोके न थांबवता ऐकत होतो. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "होईल बाई. तेल लावताय ना? लावा. फरक पडेल." टहाळा त्यांनी पायरीवरच ठेवून घेतला. माय परत जाताना इतकी हलकी होऊन गेली होती की रस्त्यात तिनं दोनदा मागं वळून मला हात दाखवला. त्या दारात, त्या थोड्या वेळात, सर काय विचार करत होते? बांधावरून पडलेलं पोर त्यांच्या डोळ्यापुढं आलं असेल का? एका वाक्याचं काम होतं. बाई, हाताला काही झालेलं नाही. एवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून नाही म्हटलं. मायला जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ती अंथरुणावर होती तेव्हाही मी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचलला की म्हणायची, "उजव्यानं घे रं, त्या हाताला ताण नगं देऊ." आणि मी हात बदलायचो. मीही कधी जड पिशवी डाव्या हातात घेतली नाही. अपेक्षा तान्ही होती तेव्हा तिला डाव्या हातावर घेतलं नाही, भीती वाटायची. मनिषा चेष्टा करायची. धडधाकट हात, पस्तीस वर्षं आजारी होता.

उत्तराताईंनी निघताना माझ्या हातात एक जुनी फाइल दिली. "हे पण तुमचंच. बाबा प्रत्येक कागदाची ओसी ठेवायचे, सवय त्यांची." ओसी म्हणजे ऑफिस कॉपी, कार्बनखालच्या कागदावर उमटलेली. फाइल काखेत मारली, मशीन छातीशी धरली आणि बाहेर आलो. सहा नंबर जड आहे. मी ती मुद्दाम डाव्या हातावर तोलली होती आणि हात तिला निमूटपणे पेलत होता. बाहेर बालाजी गाडी घेऊन उभा होता. बालाजी माझ्याच बॅचचा, आत दोन नंबरच्या मशीनवर बसायचा. आमची मैत्री तेव्हापासूनची. "चल की सिधू, लोकं जमायलेत," तो म्हणाला. मी पुढच्या सीटवर बसलो, मशीन मांडीवर. गाडी जिंतूर रोडला लागली. मग विचारलं, "बालाजी, ही मशीन बाहेर का होती, तुला माहीत होतं?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "का बरं विचारायलास आज?"

"होतं का नव्हतं?"

"आता ते तर सगळ्यालाच माहीत व्हतं की," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यानं गाडी बाजूलाच घेतली. "आरं देवा. तुला माहीत न्हवतं? सिधू, खरं सांग. आमाला वाटायचं तुला माहीत हाय, अन् तू मोठ्या मनानं सोडून दिलंस. दरसाली पाया पडतूस. आमी घरात पोरांला उदाहरण देतो तुझं." त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. "त्या पाच जणांत माझा बाप बी व्हता. मला वाटलं तेबी तुला माहीत हाय."

मला नुसतं हसू आलं. सगळ्या गावानं मला माफी देताना पाहिलं होतं, आणि मला गुन्हाच माहीत नव्हता. माझं भोळेपण त्यांनी मोठेपण म्हणून वापरलं, पोराबाळांना पाजलं. आणि जे जे उरलं होतं तेही आता एकेक करून उलटायला लागलं. तिसऱ्या महिन्यापासून सरांनी मला सकाळी सहाला, कुणी यायच्या आत, आतल्या चांगल्या मशीनवर उजवा हात शिकवला. खूप शिकवलं, जीव तोडून शिकवलं, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत मी जिल्ह्यात वरचा आलो ते त्यामुळंच. आणि तास संपला की ते रॉकेलचं फडकं घेऊन एकेक बटण पुसायचे. मी म्हणायचो, काय निगा राखतात मशीनची! बालाजीच्या बोटांवर बोटं ठेवून ते शिकवायचे. माझं बोट चुकलं की पट्टीच्या टोकानं बटण दाखवायचे. मी त्यालाही शिस्त समजलो होतो. पण मग त्याच सहाच्या तासाला थंडीत ते माझ्याआधी उठून कंदील लावून बसलेले असायचे, ते काय होतं? एकाच माणसाचे ते दोन हात होते, आणि कुठला कच्चा होता ते मला ठरवता येईना.

हात चाळवायला काहीतरी हवं म्हणून फाइल उघडली. कार्बन कॉपी निळी, फिकट, पण सगळे आकडे वाचता येत होते. माझ्या फ्रेममधली यादी मला तोंडपाठ आहे. तिच्यात एक्केचाळीस नंबरला शब्द नाही. तिथं पाच वेळा एक्स मारलेला आहे, टायपिस्ट चूक झाकायला मारतो तसा. तेव्हा मी विचारलं होतं, तर सर म्हणाले होते, "चूक झाली, तो सोडून दे." मला नवल वाटलं होतं, कारण सरांच्या हातून चूक होत नसे. आता समोर ओसी होती. एक्स नंतर मारले असणार, कार्बन काढून घेतल्यावर, म्हणून ओसीवर ते नव्हते. एकोणचाळीस, टेस्ट. चाळीस, वेस्ट. एक्केचाळीस, सी-ए-एस-टी-ई. कास्ट. जात. डाव्या हाताचे शब्द ओळीनं मारता मारता बोटांच्या ओघात तो आला असणार, पाचही अक्षरं नेमकी डाव्या बाजूची. मग सरांनी कागद वाचला असेल. थांबले असतील. माझ्या डोळ्यांसमोर तो शब्द येऊ नये, मी पानभर तो मारत बसू नये, म्हणून कागद परत मशीनमध्ये घालून, रेघ जुळवून, पाच एक्स मारले. कागदावरचा शब्द त्यांनी झाकला आणि व्हरांड्यात स्टूल तसंच ठेवलं. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. कळत नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या गाडीत वाटलं.

मी खिशातून फोन काढला. ए-एस-टी-ई, चार हिरवी घरं, पहिलं रिकामं. सकाळी हा शब्द मला सुचला नव्हता, कारण यादीत नव्हता. मी सी दाबला. घर करडं झालं. चूक. खाली अपेक्षाचा मेसेज येऊन पडलेला होता, "बाबा, पेस्ट! दात घासायची! सोप्पा होता!" बालाजीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही न्हाई. चल."

हॉल भरला होता. प्राध्यापक, वकील, बँकेतले, कोर्टातले, सगळी टायपिंगची पोरं आता चष्मा लावून, ढेरी घेऊन बसली होती. सहा नंबरची मशीन स्टेजवर टेबलावर ठेवली आणि कुणीतरी तिला झेंडूचा हार घातला. सर मधल्या खुर्चीत. लोक एकेक करून वर येऊन पाया पडत होते आणि मी स्टेजच्या कडेला उभा राहून फक्त सरांचे पाय बघत होतो. असं बघणं वाईट दिसतं, पण मला दुसरं काही दिसत नव्हतं. पहिला वकील वाकला. पाय जागेवरच राहिले, सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बँकेतला वाकला, पाय जागेवर. दोघी बहिणी आल्या, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बालाजी वाकला, त्याचे दोन्ही हात मोज्यांना लागले, आणि उठताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी सतरापर्यंत मोजले. मग मोजणं सोडून दिलं.

"आता," बालाजी माइकवर म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चिरकला, "आता आपला सिद्धोधन बोलेल. त्या यादीची गोष्ट." टाळ्या झाल्या. गोष्ट सगळ्यांना माहीत होती, माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मी सकाळीच हॉलवर ठेवून गेलेली फ्रेम घेऊन पुढं गेलो. भाषण पाठ केलेलं होतं. पहिलं वाक्य होतं, 'सरांनी माझा हात हातात घेतला.' मी ते आठवलं आणि माझ्या लक्षात आलं की तेवढं एक त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी माइकपाशी नुसता उभा राहिलो. शांतता लांबली, तशी सरांनीच ती सावरून घेतली. माणूस मोठा समजूतदार. खुर्चीतून पुढं झुकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "काय सिद्धोधन, डावा हात काय म्हणतो?" हॉल प्रेमानं हसला.

"सर," मी म्हणालो, "माझी माय विचारीत होती. तेल आनखी किती दिवस लावायचं?"

हॉल पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. त्यांना तो विनोद वाटला. सर हसले नाहीत. त्यांना ऐकू आलं का, अशी मला शंका आली, पण त्यांचा चेहरा जागच्या जागी उतरत गेला, आणि ते माझ्याकडं न बघता टेबलावरच्या मशीनकडं बघायला लागले, तिच्या उजव्या बाजूकडं, अडकलेल्या दांड्यांकडं. ओठ हलले. माइक लांब होता, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. "नव्हतं रे लावायचं," ते म्हणाले. "काहीच झालेलं नव्हतं हाताला." आणि मग खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले. उत्तराताई सावरायला धावल्या, सरांनी त्यांना बाजूला केलं. एक पाऊल पुढं आले. त्यांचे दोन्ही हात माझ्या डाव्या हाताकडं येत होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला दिसत होतं की आता ते तो हातात घेणार आहेत. मला पाहिजे होतं ते, लाज सोडून सांगतो, अजूनही पाहिजे होतं. आणि त्याच वेळी दिवेलागणीची तेलाची वाटी दिसली, करंगळी चोळणारा तो खरखरीत अंगठा दिसला, आणि माझा हात आपोआप पाठीमागं गेला.

"राहू द्या, सर," मी म्हणालो, "राहू द्या."

सगळा हॉल उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे. पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं. सर हात पुढं करून तसेच उभे होते, आणि मी माझा डावा हात पाठीशी, उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.